मामा तलावात पाणवनस्पती पुन्हा लावताना

पूर्व विदर्भात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतील बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव शासनाकडे आले आणि शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव पुढे जिल्हा परिषदेच्या ताब्यात गेले. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावचा तलाव त्यांतलाच. पाणी धानाच्या शेतकऱ्यांचे, मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेचा आणि तलावाच्या तब्येतीची काळजी कोणाचीच नाही, अशा स्थितीत आम्ही तेथे देशी पाणवनस्पती परत लावल्या.

मुळात गावाला गाळ काढायचा होता आणि तो निघालाही. यंत्रांनी तळ सरसकट खरवडला, काठचा उथळ उतार नाहीसा झाला आणि गाळाबरोबर त्यातली बीजे व कंदही शेतांत गेले. त्यानंतर पाणी जास्त काळ टिकू लागले, पण मासे घटले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. खोली वाढली की मासे वाढावेत असा माझा हिशेब होता. तो ऐकून मासेमारी करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पाणी वाढलं म्हणून मासोया वाढत नाही, मासोयीले लपाले जागा लागते." मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिलांची राखण करते, लहान देशी मासे पानांवरच्या किड्यांवर जगतात, तळच उघडा पडल्यावर या साखळीतले काहीच उरत नाही.

दहावीच्या मुलांना समुद्रातील प्रवाळांविषयी सांगताना मला आमचा तलाव वारंवार आठवत असे. प्रवाळांचे तुकडे चौकटींवर बांधून समुद्रतळाशी वाढवता येतात, परंतु पाणी तापतच राहिले किंवा किनाऱ्यावरचे सांडपाणी थांबले नाही, तर लावलेले तुकडेही मरतात. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ वर्षानुवर्षे काढले जात होते. 2001 मध्ये प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, तरी किनाऱ्यावरच्या माणसांच्या पोटाचा प्रश्न कायद्याने आपोआप सुटत नाही. आमच्याकडेही लावणी हा कामाचा सोपा भाग होता. आमच्याच जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांना सोबत घेऊन हे काम आधी केलेले असल्यामुळे पद्धत नव्याने शोधावी लागली नाही. गावाचे एकमत मात्र उसने आणता येत नव्हते.

सर्वांत अवघड बोलणे मत्स्यसंस्थेशी झाले. संस्था दरवर्षी कटला, रोहू, मृगल यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, सोडत असे आणि त्यांत गवत्या व सायप्रिनसही असत. गवत्या पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. हे दोन मासे सोडत राहिलो असतो तर लावणी म्हणजे त्यांना चारा घालणे ठरले असते. परंतु ठेक्याची रक्कम याच वजनदार माशांतून निघत असल्याने ते बंद करा असे फुकट सांगणे मला योग्य वाटत नव्हते. अखेर गवत्या व सायप्रिनस वगळावेत आणि कटला, रोहू, मृगल चालू ठेवावेत, यावर तडजोड झाली. या चर्चेत मला खटकलेली गोष्ट अशी, की कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची हे सर्वांत नेमके सांगणाऱ्या स्त्रिया संस्थेच्या सभासदच नव्हत्या आणि बैठकीला आल्या तरी मागे बसत.

शेतकऱ्यांची हरकत वेगळी होती. धान निसवण्याच्या सुमारास तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडण्याच्या दारातून, पाणी सोडावेच लागते आणि तेव्हा काठ उघडा पडतो. त्यामुळे लावणीची जागा आम्ही काठाला न ठेवता थोडी आत, पाणी उतरल्यावरही गुडघाभर राहील अशी निवडली. तळातल्या गाळपेर जमिनीवर, म्हणजे पाणी ओसरल्यावर पिके घेतली जातात त्या जमिनीवर, काहींनी कायमचा ताबा धरला होता. त्या वादाला आम्ही हात घातला नाही, कारण तो काढला असता तर ग्रामसभेचा ठराव झालाच नसता.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात सुरू झाले. काठावर माजणारे बेशरम हे झुडूप वरवर कापून उपयोग नसतो, त्याचा तुकडाही ओल मिळताच मूळ धरतो. म्हणून ते मुळासकट खणून काठाबाहेर वाळवले. कोरड्या तळाचा निवडलेला भाग नांगरला. पावसाने पाणी साचल्यावर शेजारच्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि कुमुदिनी आणून, मुळांना चिखलाचा गोळा बांधून, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्त्रियांनी ती लावली. आणलेल्या प्रत्येक जुडीतून जलपर्णीचे रोप आले नाही ना, हे त्या आधी निवडून पाहत. जनावरांपासून आणि जाळ्यांपासून बचाव म्हणून बांबू व जुन्या जाळ्यांचे कुंपण घातले. मजुरी देणे मला आवश्यक वाटत होते. ज्यांचा दिवसाचा रोज बुडतो त्यांच्याकडून श्रमदानाची अपेक्षा पगारदार माणसाने करू नये.

पहिल्या मोठ्या पावसात काही जुड्या सांडव्याकडे वाहून गेल्या. हायड्रिला मात्र झपाट्याने पसरली, इतकी की जाळे ओढताना अडते अशी तक्रार आली आणि जाळ्यांसाठी मोकळी वाट ठेवावी लागली. कुंपणाच्या आत लहान माशांचे थवे दिसतात. त्यावरून उत्पन्न वाढले असे म्हणणे घाईचे होईल, कारण मरळ बाजारात नेण्याजोगी व्हायला वेळ लागतो.

गवत्या आणि सायप्रिनस न सोडण्याची अट सध्या केवळ संस्थेच्या ठरावात आहे. ठेका बदलला तर ती टिकेल याची खात्री नाही, म्हणून ती ठेक्याच्या करारातच घालावी अशी मागणी आम्ही केली आहे. सभासदत्वासाठी स्त्रियांनी अर्ज दिले आहेत. त्यांवर येत्या सर्वसाधारण सभेत निर्णय व्हायचा आहे. तोपर्यंत बोटुकली कोणत्या जातीची आणायची हे ठरवताना त्यांना बोलवायचे, एवढे संस्थेने मान्य केले आहे.