मालवणच्या पाण्याखालचे पांढरे डाग

मे महिन्याच्या सुरुवातीला मालवणहून एका होडीवाल्याचा फोन आला. "खडपावरचां कोरल सगळां पांढरां पडलां हा. तुमी येवन बघा." समुद्र तापलेला होता, त्यामुळे सगळ्यांच्या मनात पहिलं नाव आलं ते ब्लीचिंगचंच, म्हणजे उष्णतेने प्रवाळाचा रंग उडण्याचं.

तपासणीसाठी अष्टमीच्या भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तो दिवस धरला. उधाणाला ओढ जोराची असते, तळाचा गाळ उठतो आणि हाताच्या अंतरावरचंही नीट दिसत नाही. भांगाला पाणी निवळलेलं असतं. त्यातही सकाळी लवकर उतरावं लागतं, कारण दुपारी वारा वाढला की लाटा पुन्हा तळ ढवळतात.

मालवणला लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ तुकड्यातुकड्यांनी वाढलंय: पोराइट्सचे गोलसर गड्डे, टर्बिनारियाच्या पसरट वाट्या, मधेमधे फेवाइट्स. गढूळ पाणी आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी सोसणाऱ्या या चिवट जाती. म्हणूनच त्या एवढ्या प्रमाणात पांढऱ्या पडल्या असतील, तर कारण नीट शोधायलाच हवं होतं.

आम्ही २० मीटरची टेप खडकाच्या कपारींत अडकवून ताणली. प्रवाळावर ती टेकवायची नसते. दर ५० सेंटीमीटरला टेपखाली काय आहे ते पाटीवर लिहायचं: जिवंत प्रवाळ, फिकट, पूर्ण पांढरं, शेवाळलेला सांगाडा, गाळ, उघडा खडक. एक टेप होड्या थांबतात तिथे टाकली, दुसरी तिथून लांब, तेवढ्याच खोलीवर. रंगासाठी सहा छटांची तक्ती प्रवाळाशेजारी धरून डोळ्यांनी जुळवली. नुसत्या फोटोवर विसंबू नये. पाणी लाल रंग शोषून घेतं, त्यामुळे फोटोत निरोगी प्रवाळही फिकट दिसतं. टर्बिनारियाची वाढती कडा मुळातच फिकी असते, तिची छटा नोंदवायची नाही. त्याच वसाहतीचा, म्हणजे एकत्र वाढलेल्या प्रवाळजीवांच्या एका गड्ड्याचा किंवा वाटीचा रंग आधीच्या नोंदीपेक्षा दोन छटांनी उतरला असेल, तर तो बदल गंभीर धरायचा.

लांबच्या टेपवर पोराइट्सचे माथे फिकट होते आणि सावलीतल्या बाजू तपकिरी. हे उष्णतेचं काम. ऊन आणि तापलेलं पाणी एकत्र आलं की प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकली जातात. प्रवाळाचं बहुतांश अन्न तीच तयार करतात. पण भिंगातून पाहिलं तर पांढऱ्या सांगाड्यावर मांसल पापुद्रा शाबूत होता आणि पॉलिपचे, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या जीवांचे तंतू हलत होते. म्हणजे वसाहत उपाशी असली, तरी जिवंत होती. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येऊ शकतो.

होड्यांच्या जागेवर चित्र वेगळंच होतं. तिथला पांढरा रंग चरांमध्ये होता. चर सरळ, कडा तुटक्या, पापुद्रा खरवडून गेलेला आणि शेजारी वाळूत ताजे तुकडे. हे नांगराचे आणि साखळीचे घाव. काही गड्ड्यांच्या माथ्यावर तळव्याएवढे चेपलेले डाग होते, भोवती निरोगी तपकिरी रंग. श्वास घेताना घाबरलेला पर्यटक आधारासाठी तिथे पाय टेकतो. पोराइट्सचा गड्डा सगळ्या बाजूंनी वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा अर्धा मीटर रुंदीचा गड्डा निदान पंचवीस वर्षांचा असतो. तो एका सुट्टीच्या हंगामात असा फुटताना पाहणं सोसवत नाही.

टर्बिनारियाच्या वाट्यांचं दुखणं तिसरंच. कडा जिवंत, आणि तळाशी गाळ साचून त्याखालचा भाग मेलेला. होड्यांचे पंखे उथळ पाण्यात फिरले की उडालेली माती या वाट्यांत बसते. प्रवाळ चिकट स्राव सोडून ती ढकलत राहतं, पण रोजच्या रोज भर पडली तर त्याची ताकद संपते.

हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण सगळं ब्लीचिंग म्हटलं की सगळा दोष समुद्राच्या तापमानावर जातो आणि किनाऱ्यावर कुणालाच काही करावं लागत नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी एक अंशाने जास्त राहिलं आणि तसेच काही आठवडे गेले, की ब्लीचिंग सुरू होतं. ते मालवणात बसून थांबवता येत नाही. नांगर मात्र थांबवता येतो. हे क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. उपाशी वसाहतीला जखमही झाली, तर ती भरून काढायला तिच्याकडे ऊर्जाच नसते. म्हणून निदान फिकट पडलेल्या खडकांवर त्या हंगामात पर्यटक उतरवूच नयेत, असं मी होडीवाल्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांचा प्रश्न रास्त होता: मग होडी बांधायची कुठे? उत्तर, कायमचे बोये, म्हणजे तळाशी दोराने बांधलेले तरंगते गोळे. त्यांचा काँक्रीटचा ठोकळा वाळूवर ठेवायचा, प्रवाळापासून इतका लांब की वाऱ्याने फिरलेली होडीही त्याच्यावर येऊ नये. काँक्रीटचं वजन पाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतं. ५०० किलोचा ठोकळा खाली २९० किलोच्या आसपासच भरतो, हे हिशेबात धरायचं. तळाला लांब साखळी नको, ती गोल फिरत सगळं खरवडते. दोराच्या खालच्या भागाला छोटा तरंगता गोळा बांधला की दोर तळावर घासत नाही. वरचा भाग नायलॉनचा घ्यावा, कारण पॉलिप्रॉपिलीनचा सैल दोर पाण्यावर तरंगून पंख्यात अडकतो. पावसाळ्याआधी बोया आणि दोर काढून ठेवायचे, ठोकळा तिथेच राहतो.

टेपच्या दोन्ही टोकांना उघड्या खडकात क्रमांकाचे खिळे ठोकले. पावसाळ्यात पाणी थंडावतं, पण गाळही येतो. ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की त्याच खिळ्यांना टेप लावायची आणि त्याच गड्ड्यांपाशी तक्ती धरायची. माथ्यांवर तपकिरी रंग परतला असेल तर वसाहत वाचली. हिरवट केसाळ शेवाळ असेल तर तो भाग मेला. चरांच्या कडेने मात्र नव्या पापुद्र्याची रुंदी मोजायची आहे.