सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे?

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवहीतली सगळी पुस्तकं आम्ही कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या, संगणक प्रणालीत चढवली, संगणकावर देवघेव सुरू झाली, आणि पुढच्याच पावसाळ्यात वीज ये-जा करता करता सर्व्हर बसला. ज्या मुलाने तो उभा केला होता, तो इंजिनिअरिंग संपवून परगावी नोकरीला लागला होता. पासवर्ड त्याच्याकडे, बॅकअप कुठे जातो तेही त्यालाच ठाऊक. अकरा दिवस आम्ही पुन्हा कार्डांवर पुस्तकं दिली. त्या मुलाला मी कधीच दोष दिला नाही. त्याने एक पैसा न घेता, जीव ओतून काम केलं होतं. सगळा भार एकट्यावर टाकला तो आम्ही.

कोहा इतकी वर्षं कशी टिकली, हे मी त्यानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. न्यूझीलंडच्या होरोफेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये ही लिहायला घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरूही झाली. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण घेणाऱ्यानेही कधीतरी काही द्यावं अशी अपेक्षा असलेली. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी जबाबदाऱ्या नव्याने वाटल्या जातात. कुणी दुरुस्ती लिहिली की दुसरा ती चालवून पाहतो, मग तिसरा तपासतो, त्यानंतरच ती आत जाते. स्वतःच्या कामावर स्वतः सही करायची नाही. हे वाचताना मला आमचे अकरा दिवस आठवत होते.

आपणही काही द्यावं असं वाटलं, पण मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तपासणीला मात्र ते लागत नाही. सहीसाठी थांबलेल्या दुरुस्त्यांची यादी खुली असते. त्यातली देवघेवीच्या पडद्यावरची एक लहानशी निवडली. ब्राउझरमध्येच चाचणीपुरता कोहा उघडता येतो, आपल्या खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. दुरुस्तीसोबत पायऱ्या लिहिलेल्या होत्या: सभासद उघडा, पुस्तक द्या, परत घ्या, सूचना नीट दिसते का बघा. प्रत्येक पायरी मी दोनदा केली. वाचनालय बंद झाल्यावर, रात्री साडेनऊला, सही नोंदवली. सकाळी कुठल्याशा दूरच्या देशातल्या प्रोग्रॅमरचा आभाराचा निरोप आलेला होता. त्या दिवशी कोहा मला आपली वाटली.

मग आजूबाजूच्या वाचनालयांतल्या ग्रंथपालांना गोळा केलं. पहिल्या बैठकीला आम्ही पाच जण. तांत्रिक व्याख्यान ठेवलं असतं तर दुसऱ्या बैठकीला कुणी आलं नसतं, म्हणून मराठी शब्दांपासून सुरुवात केली. इंग्रजीत ‘पेट्रन’ आहे. एकाने कोशात बघून ‘आश्रयदाता’ सुचवलं. शेजारच्या तालुक्यातल्या ताई म्हणाल्या, “अहो सर, वर्गणी भरतो तो आपला सभासदच ना?” सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘आयटम’ची प्रत झाली, ‘चेक इन’चं जमा झालं. ‘होल्ड’वर तासभर वाद चालला आणि शेवटी रजिस्टरवर असतो तोच ‘मागणी’ शब्द ठेवला. ठरलेले शब्द एका वहीत उतरवत गेलो. रोज काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं मत या कामात लाखमोलाचं असतं, हे मला त्या तासाभरात पटलं.

पैशाचा प्रश्न लवकर बोलून घेतला ते बरं झालं. सगळ्यांनी मिळून वापरायच्या सामायिक सर्व्हरचं भाडं वाचनालयाच्या अनुदानाच्या वर्गाप्रमाणे वाटलं: ‘अ’ वर्गाच्या वाचनालयाने जास्त, ‘ड’ वर्गाच्याने अगदी थोडं. हिशेब दर बैठकीत वाचून दाखवतो. दुसऱ्या वर्षी दोन वाचनालयं सोडून गेली. एका ठिकाणी कार्यकारिणी बदलली होती, दुसऱ्याचं कारण असं की त्यांच्या ग्रंथपालांना आम्ही केवळ निरोप पाठवत राहिलो, काम कधी सोपवलंच नाही. हे अजून मनाला लागतं. आता नवं माणूस आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला छोटं, पण त्याचं स्वतःचं काम देतो.

कोहाची परिषद २०११ मध्ये ठाण्यात भरली होती, हे मला फार उशिरा कळलं. जगभरची ही माणसं इतक्या जवळ येऊन गेली आणि आपण नव्हतो, याची खरंच हळहळ वाटली.

सहा महिन्यांनी कामं बदलायची, हा नियम आम्ही कोहाच्या लोकांकडूनच घेतला. प्रत्येक कामाला दोघे जण, आणि ते कसं करायचं हे मराठीत लिहिलेलं. गेल्या बदलाच्या वेळी बॅकअपचं काम त्या ताईंकडे गेलं. त्यांनी वही उघडली, पायऱ्या वाचत कालचा बॅकअप वेगळ्या संगणकावर उतरवला आणि आपल्या वाचनालयाचा सभासद क्रमांक एक शोधून काढला. मी शेजारी बसून होतो, कीबोर्डला हात लावला नाही. सातव्या पायरीत एक शब्द चुकला होता. तो त्यांनी पेनने खोडला आणि वर बरोबर शब्द लिहिला.