चारशे अकरा सीसी आणि चोवीसच हॉर्सपॉवर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशकात रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन मोटरसायकल घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: ४११ सीसीचं इंजिन साधारण २४ हॉर्सपॉवर देतं आणि ३७३ सीसीची केटीएम ३९० तब्बल ४३. मग हिमालयनचं इंजिन कमअस्सल आहे का?

मुळीच नाही. हिमालयनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली पल्ला) ८६. ३९० चा बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६०. हिमालयनचा पिस्टन ६५०० आरपीएमला (मिनिटाला ६५०० फेऱ्यांना) सेकंदाला सरासरी १८.६ मीटर धावतो. ३९० चा ९००० ला १८ मीटर. धाव सारखीच, पण हिमालयनच्या पिस्टनला प्रत्येक फेरीत लांबचा पल्ला मारावा लागतो, म्हणून त्याच्या फेऱ्यांना लवकर मर्यादा पडते. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या. फेऱ्या कमी, म्हणून आकडा कमी.

पण हिमालयनचा ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क ४००० ते ४५०० लाच हाती येतो. हिशेब मांडला तर ४००० ला १८ हॉर्सपॉवर, म्हणजे एकूण ताकदीचा पाऊण हिस्सा, मिळालेला असतो. दोनच व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) ठेवल्यामुळे कमी फेऱ्यांनाही आत येणाऱ्या हवेचा वेग टिकतो. हर्सूलकडच्या दगडगोट्यांच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न जाळता गाडी चढते ती यामुळे. मला हीच रचना योग्य वाटते. शिवाय रेडिएटर नाही. छोटा ऑइल कूलर आहे, तेवढाच जपायचा.

मात्र कमी फेऱ्यांना ओढते म्हणून कसारा घाटात पाचव्या गिअरमध्ये २५०० ला रेटू नका. चेन झटके खाते, इंजिन ठोके देतं. चौथा टाका, ४००० च्या आसपास ठेवा.

जुनी गाडी बघताना आधी कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, तपासा. पुढे २१ इंची चाक आणि २०० मिमी हलणारा लांब फोर्क. खड्ड्याचा प्रत्येक दणका या लांब दांड्यावरून थेट हँडलच्या बेअरिंगवर जातो. त्यात इगतपुरी-घोटीच्या पावसाचं पाणी शिरलं की ग्रीस धुऊन निघतं. डबल स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढा: खटखट झाली तर सैल आहे. मग हँडल सावकाश फिरवा. सरळ रेषेत येताच ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर बेअरिंगच्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. अशा वेळी आवळून काही होत नाही, उलट गाडी सरळ चालताना डुलते. टेपर रोलरचा (निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचा) संच टाकावा, भरपूर ग्रीस लावून.

चेनही उभ्या गाडीवर ताणू नये. मागचा सस्पेन्शन १८० मिमी हलतो. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट म्हणजे बिजागरी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. दोघांना बसवून ती रेषा आणा आणि तिथेही थोडा ढिलेपणा राहतोय का, हे बोटाने पाहा. तिथे ताठ असेल तर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील जातं.

निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत मात्र पुढचा खालचा मडगार्ड चाकाला चिकटून असल्याने लगेच तुंबतो. चाक जड वाटताच थांबा, काठीने माती काढा. रेटत नेलंत तर क्लच जळेल.