अर्धा पेला

काल धाकटीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ट्रे आला. त्यात नव्या सेटमधले काचेचे ग्लास, काठोकाठ पन्ह्याने भरलेले, आणि एका कडेला स्टीलचा पेला. अर्धा. कुणाचा ते कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तो घेतला, प्यायले, वेलदोडा छान लागतोय म्हटलं. रात्री दोनला जाग आली तेव्हा डोक्यात तो पेलाच.

घरी मी स्टीलच्याच पेल्यातून पिते, तोही अर्धाच भरून घेते. युक्ती माझीच. मग काल एवढं लागायचं कारण काय? तिने विचारायला हवं होतं म्हणावं, तर दहा बायकांसमोर 'ताई, ग्लास जमेल ना?' हे ऐकून जास्तच लागलं असतं. न विचारता ग्लास दिला असता आणि सांडला असता, तर 'एवढंही कळू नये हिला?' म्हणून मीच धुमसत घरी आले असते. म्हणजे तिने नेमकं काय करायचं होतं, ते मलाही सांगता येत नाही. तरी लागलंच.

गणपतीत तिच्या नव्या सोफ्यावर माझ्या हातून कॉफी सांडली होती. काल तिने सांभाळलं कुणाला, मला की सोफ्याला?

शिवाय माझा हात थरथरतो तो मांडीवर नुसता पडलेला असताना. काही उचलायला गेलं की शहाण्यासारखा थांबतो. पण बघणाऱ्याला मांडीवरचाच दिसतो. ग्लास दिला असता तर पहिले दोन घोट मी आरामात घेतले असते. (तिसऱ्याचं बोलत नाही. धरून ठेवलं की पुन्हा सुरू होतं. सोफ्याचं तेच झालं.) जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या दुखण्यावर लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे माणसं होती सहा, आणि त्यातली काही तर त्याने नुसती रस्त्यात पाहिलेली. तेव्हा नुसतं बघून माप काढायची रीत धाकटीने काढलेली नाही.

सगळ्यात गंमत म्हणजे मला राग आलाय हे तिला कळलंसुद्धा नसणार. चेहऱ्यावर हल्ली काही उमटतच नाही. एरवी मी मजेत असते तेव्हा लोक विचारतात, 'काय हो, बरं नाही का? रागावलात?' काल सहा वर्षांत पहिल्यांदा चेहरा आणि मन जुळलं होतं, तर कुणी विचारलं नाही.

आणि आंबेडाळ मात्र तिने वाटीभरून दिली, वर आग्रहाने आणखी एक डाव! गोळीची वेळ चारची. डाळीतली प्रथिनं त्या गोळीला अंगात शिरू देत नाहीत, म्हणून तर डाळ-पनीर सगळं आम्ही रात्रीवर ढकललंय. अर्धी द्यायची ती डाळ होती गं बाई. पण हे तिला कोण सांगणार? मी कधी सांगितलंय? आंबेडाळ वर्षातून एकदा म्हणत मीच ती चाटून-पुसून खाल्ली.

व्हायचं ते झालं. निघताना उंबरठ्यात पाय जमिनीला चिकटले. मागे ओटीची पिशवी धरून ती, पुढे चपला, आणि मी मध्ये खांबासारखी. तिने ढकललं नाही, ओढलं नाही, 'चला ना' म्हटलं नाही. नुसती उभी राहिली. दाराबाहेर चैत्रांगण काढलेलं होतं. त्यातल्या गौरीच्या पावलांवर पाय पडायला नको, म्हणून ती ओलांडायचं मनात आणलं आणि पाय सुटला. आमच्या बाथरूमपाशी ह्यांनी याच कामासाठी लाल पट्ट्या चिकटवल्यात. गौरीची पावलं जास्त बरी दिसतात.

फॉर्म अजून फ्रिजवर पडलाय. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात आपलाही नंबर लागतो. ४० टक्के भरायला हवेत. शाळेत आम्ही ३५ ला पास करत होतो. असो, ते आज नको.

हे सगळं दुरेघी वहीत लिहितेय. एकरेघीत ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं होतं. पहिलीच्या पोरांना 'अक्षर मोठं काढ' सांगण्यात तीस वर्षं गेली, आता स्वतःला सांगते. पोरं ऐकायची तरी.

शुक्रवारी हळदीकुंकू आमच्याकडे. सगळ्यांनाच स्टीलचे पेले काढावेत, अर्धे भरून, असं मनात आहे. ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मग कैऱ्या कमी आणू?"