विंडोजवरून लिनक्सवर आल्यावर नेमकं कुठे अडतं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे चांगली चालणारी बरीच मशीन मागे राहिली. अशा मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबंटू (लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची दोन रूपं) टाकायचं ठरवलंत, तर मेनू आणि बटनं शोधण्यात फारसा वेळ जात नाही. खरी अडचण येते ती दोन्ही प्रणाली एकाच गोष्टीला हात लावतात तिथे. ड्राइव्ह, घड्याळ, फॉन्ट, वर्ड फाइल आणि टायपिंग ही ती ठिकाणं. तेवढी आधी नीट लावून घेतली, तर बाकीचं वापरता वापरता अंगवळणी पडतं. नव्या डेस्कटॉपला विंडोजसारखं रूप देणाऱ्या थीम सुरुवातीला तरी टाळा. दिसायला तेच आणि वागायला वेगळं असलं की गोंधळ वाढतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल, तर आधी विंडोजमध्येच तीन कामं करायची. पहिलं बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बूटची रचना बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच कागदावर उतरवून ठेवा.

दुसरं काम फास्ट स्टार्टअप बंद करण्याचं. हे चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं हायबरनेट होतं आणि डिस्क आपल्याच ताब्यात ठेवतं. मग लिनक्समधून ती एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम असलेली) डिस्क उघडते खरी, पण बहुतेक वेळा फक्त वाचता येते. फाइल साठवायला गेलं की ‘रीड-ओन्ली’ असा निरोप येतो, आणि नवीन माणूस परवानग्यांच्या सेटिंगमध्ये तासभर शोधत बसतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, पॉवर बटनाने काय व्हावं ते ठरवण्याच्या पानावर जा आणि तिथली ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर विंडोज ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये या. रीस्टार्टला विंडोज पूर्ण बंद होतं.

तिसरं, लिनक्ससाठी जागा मोकळी करायची ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण शिफारस १०० जीबीची आहे आणि तीच धरून चाला.

प्रत्यक्ष टाकण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सेशन (डिस्कवर काही न टाकता थेट लिनक्स) चालवा आणि घाई न करता वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, वेबकॅम, प्रिंटर तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का, तेही बघा. वाय-फाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. तेवढ्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरवता येतो.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला तर मशीन सुरू होतं, पण ड्रायव्हर लोड होत नाही. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा, कारण त्या पडद्यावर तुमचा निवडलेला कीबोर्ड लागू नसतो.

घड्याळाचा घोळ मात्र दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या बहुतेकांना भेटतो. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक वेळ समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजतं. म्हणून एका प्रणालीतून दुसरीत गेलं की घड्याळ तुमच्या टाइमझोनइतकं पुढे-मागे होतं. सोपा उपाय लिनक्सच्या बाजूला आहे: टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेचा ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय १ करायचा. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे मात्र विंडोजलाच यूटीसी वापरायला लावणं बरं, नाहीतर वेळ बदलण्याच्या दिवशी दोघंही दुरुस्ती करतात.

आता पेन ड्राइव्ह. मोठी फाइल टाकताना प्रगतीची पट्टी झटकन पूर्ण होते, आणि ड्राइव्ह काढायला गेलं की ‘अजून लिहिणं चालू आहे’ असं दिसतं. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून ड्राइव्हवर लिहितं. ‘इजेक्ट’ केल्यावर सुरक्षित असल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचंच. मध्येच उपटला तर फाइल अर्धवट राहते. दुसरी गंमत अशी की पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही. ती त्याच ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जाते. कचरापेटी रिकामी करा, किंवा शिफ्ट दाबून डिलीट करा. टिंबाने सुरू होणारं प्रत्येक नाव लिनक्समध्ये लपलेलं असतं आणि फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल व एच दाबलं की दिसतं.

नावांचंही लक्षात ठेवा. लिनक्सच्या डिस्कवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांमुळे दोन वेगळ्या फाइल होतात. कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेलं नाव तिथे चालतं, विंडोजमध्ये नाही. अशी फाइल विंडोजचेच नियम पाळणाऱ्या एक्सफॅट फाइल सिस्टीमच्या पेन ड्राइव्हवर कॉपी करताना अडते, आणि दोष ड्राइव्हला दिला जातो.

मराठी टायपिंग पहिल्याच दिवशी लावा. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) वापरणाऱ्यांना नवं काही शिकावं लागत नाही, कळांच्या जागा त्याच आहेत: ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडलं की काम झालं. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणाऱ्यांना मात्र तेवढं पुरत नाही. त्यांना इनपुट मेथड, म्हणजे टाइप केलेली अक्षरं देवनागरीत बदलणारा प्रोग्रॅम, लागते. आयबस आणि त्यासोबत ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या, मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठीखाली फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय दिसतात. हे वापरताना मूळ कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. सिस्टीमच्या लेआउटमध्येही मराठी आणि आयबसमध्येही मराठी ठेवलं तर दोघांची टक्कर होते आणि भलतीच अक्षरं पडतात. भाषा बदलण्याची कळ सहसा विंडोज-स्पेस असते. लिनक्समध्ये त्या कळीला सुपर म्हणतात.

युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायलींचं दुखणं वेगळं आहे. त्यांत देवनागरी नसतंच. रोमन संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात, ‘शेअर’च्या आत ‘फॉन्ट्स’मध्ये टाकली की मजकूर वाचता येतो. पण तो टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर बहुधा इथे चालणार नाही. म्हणून अशा फायली विंडोज हाताशी असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम पुढे ढकललं की कायमचं राहतं, आणि त्या फायलींत शोधही कधी घेता येत नाही.

वर्डची फाइल लिबर ऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) उघडल्यावर चार पानांची पाच झाली, तर आधी फॉन्ट बघा. कॅलिब्री आणि कँब्रिया लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्याऐवजी कार्लिटो आणि कॅलाडिया टाका. त्यांच्या अक्षरांची रुंदी तंतोतंत तेवढीच आहे, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. एरिअल आणि टाइम्सची जागा लिबरेशन फॉन्ट घेतात. एक्सेलचे मॅक्रो असतील तर भरवसा ठेवू नका, काही चालतात आणि काही नाहीत. लोकांना पाठवायची अंतिम प्रत पीडीएफ करा.

सॉफ्टवेअरसाठी वेबसाइटवर जाऊन इन्स्टॉलर उतरवायची सवय सोडावी लागते. आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. तिथून घेतलेलं सगळं एकाच अपडेटमध्ये ताजं होतं. मिंटमध्ये एकच प्रोग्रॅम अनेकदा दोन रूपांत दिसतो: साधं सिस्टीम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅकची आवृत्ती नवी असते, पण जागा जास्त खाते आणि तुमचे सगळे फोल्डर तिला दिसतीलच असं नाही.

टर्मिनलबद्दल तीनच गोष्टी. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. टाइप करून एंटर दाबा. कंट्रोल-सी तिथे कॉपी करत नाही, चालू काम थांबवतं. कॉपीसाठी शिफ्टही दाबायचं. आणि ‘सुडो’ने (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी ओळ समजल्याशिवाय चिकटवू नका.

टाइमशिफ्ट पहिल्याच आठवड्यात चालू करा. ते सिस्टीमची प्रत ठेवतं, पण तुमचे फोटो आणि कागदपत्रं मूळ सेटिंगमध्ये वगळतं. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. शिवाय टाइमशिफ्टची प्रत एक्स्ट४ सारख्या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवरच राहते. एनटीएफएसच्या बाहेरच्या डिस्कवर ती ठेवता येत नाही.

अपडेटनंतर एखाद्या दिवशी पडदा काळा राहिला किंवा वाय-फाय गेलं, तर लगेच सगळं पुसून नव्याने टाकायची गरज नसते. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला तरी जुना डिस्कवर ठेवलेला असतो. सुरू होताना ग्रबच्या (कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या) मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा (मेनू दिसत नसेल तर चालू होताच एस्केप दाबा) आणि यादीतला आधीचा कर्नल घ्या. त्यावर सगळं चालत असेल तर बिघाड नव्या कर्नलचा आहे. पुढचा अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम चालू ठेवता येतं.