रिफ्यूज्ड, टाइम आउट आणि रिसेट ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

सर्व्हरशी किंवा डेटाबेसशी बोलणारी स्क्रिप्ट पडायला लागली की बरेच जण सगळ्यात आधी काय करतात, तर अख्खा कोड ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये, टाकतात आणि खाली एक ओळ छापतात, "कनेक्शन फेल्ड". झालं. खरा एरर तिथेच गेला. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ऑपरेटिंग सिस्टीमने नीट सांगितलेलं असतं की गाडी कुठे अडलीये, आणि नेमकी तीच ओळ आपण गिळून टाकतो आणि मग रात्रभर अंदाज बांधत बसतो.

फोन लावल्यासारखं समजा. रिफ्यूज्ड म्हणजे पलीकडून कोणीतरी उचललं आणि "असं कोणी इथे राहत नाही" म्हणालं. टाइम आउट म्हणजे नुसती रिंग वाजत राहिली. रिसेट म्हणजे बोलता बोलता मधेच कट झाला. तिन्हीची कारणं वेगळी, शोधायच्या जागा वेगळ्या, आणि तरी तिन्हीला आपण "सर्व्हर कनेक्ट होत नाहीये" एवढंच म्हणतो.

रिफ्यूज्ड आला की मला तर बरंच वाटतं. लिनक्सवर ह्याचा नंबर १११, विंडोजवर १००६१. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पलीकडे पोचलं, तिथून उत्तर परत आलं, म्हणजे रस्ता चालू आहे, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, कोणी ऐकत बसलेलं नाही. (एखादी फायरवॉल, म्हणजे मधे बसून रहदारी गाळणारी भिंत, तीसुद्धा मुद्दाम असं उत्तर देऊ शकते, पण ते नंतर बघायचं.) मग सर्व्हिस बंद आहे, किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे, किंवा चालू आहे पण फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकतेय आणि तुम्ही बाहेरून येताय. सर्व्हरवर जाऊन एसएस कमांडने कोण कुठे ऐकतंय ते बघितलं की दोन मिनिटांत निकाल लागतो. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी खास, कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तुमचा लॅपटॉप नाही, त्यामुळे डेटाबेस शेजारच्या कंटेनरमध्ये असेल तर त्याच्या सर्व्हिसचं नाव द्यायला लागतं. आणि नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १७ आलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तेव्हा तर किती जणांचे चालते प्रोजेक्ट काही न बदलता रिफ्यूज्ड द्यायला लागले! त्याआधी नोड लोकलहोस्टचा आयपी व्ही४ पत्ता पुढे करायचं, १७ पासून सिस्टीम ज्या क्रमाने देईल तोच क्रम धरायला लागलं, मग बऱ्याच मशीनवर आधी ::१, म्हणजे लोकलहोस्टचाच आयपी व्ही६ पत्ता, मिळायचा, आणि सर्व्हर बसलाय फक्त १२७.०.०.१ वर. एररच्या ओळीत पत्ता लिहिलेला असायचा, ::१ म्हणून, स्वच्छ. वाचला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

टाइम आउट म्हणजे कोणीच काही बोललं नाही. आयपी चुकीचा, मशीन बंद, किंवा मधल्या फायरवॉलने, क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुपने (तिथल्या फायरवॉलने), पॅकेट गुपचूप टाकून दिलं. इथे सर्व्हिस रीस्टार्ट करून सहसा काही होत नाही कारण तिच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं. अपवाद एक, सर्व्हरवर इतकी गर्दी झालीये की नवीन कनेक्शन घ्यायची रांगच भरलीये, तेव्हा लिनक्स नवीन आलेलं पॅकेट नुसतं सोडून देतो आणि बाहेरून ते टाइम आउटच दिसतं. एररचा मजकूर हाताशी नसेल तरी घड्याळ बघा. रिफ्यूज्ड लगेच येतो. टाइम आउटला वेळ लागतो, लिनक्सवर बरीच वर्षं डिफॉल्ट असं होतं की पहिलं पॅकेट आणि वर सहा रीट्राय, प्रत्येक वेळी थांबायचा वेळ दुप्पट, १, २, ४ करत ६४ पर्यंत, बेरीज १२७ सेकंद. नव्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) हे गणित थोडं बदललंय. पण "दोन मिनिटं अडकते आणि मग पडते" असं कोणी सांगितलं की मी आधी फायरवॉल विचारतो.

आता रिसेट. सगळ्यात जास्त वेळ हाच खातो, कारण इथे कनेक्शन झालेलं असतं, बोलणं सुरू झालेलं असतं, आणि मग कोणीतरी तोडतं. कोणी तोडलं हा प्रश्न. कधी पलीकडचा प्रोग्रामच मेलेला असतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कनेक्शन रिसेट दिसतं आणि तुम्ही नेटवर्कवाल्यांना फोन करता, आणि तिकडे सर्व्हरवर मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारून टाकलेली असते. त्या प्रोसेसचा एक्झिट कोड (संपताना मागे राहिलेला नंबर) १३७ असेल तर १२८ अधिक ९, म्हणजे किल सिग्नल, आणि बहुतेक वेळा मेमरी. १३९ असेल तर १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला, तो शोध वेगळाच. कर्नलच्या लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" असं लिहिलेलं सापडतं. प्रोग्रामच्या स्वतःच्या लॉगमध्ये काही नसतं, कारण त्याला शेवटचा शब्द बोलायला वेळच मिळालेला नसतो. लॉग अचानक, वाक्य अर्धवट सोडून थांबलाय हाच पुरावा.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळ्याच केसबद्दल. एका दूध संघाच्या बिलांची स्क्रिप्ट होती. रोज रात्री संकलन केंद्रांवरचा डेटा घ्यायची, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) बघून दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये परत लिहायची. रोज नीट. आणि दर दहा दिवसांनी, बिल काढायच्या रात्री, फुटायची. त्या रात्री दहा दिवसांचा हिशोब, पशुखाद्याची कपात, उचल, सगळं एकत्र. एरर नंबर २०१३, "क्वेरी चालू असताना मायएसक्यूएल सर्व्हरचं कनेक्शन गेलं". सकाळी संस्थेचे सचिव फोन करणार, उत्पादक दारात उभे राहणार, ह्यात कोणाला गंमत वाटायचं कारण नाही, ते त्यांच्या घरखर्चाचे पैसे आहेत.

सगळ्यांनी एकच सांगितलं, वेट टाइमआउट वाढवा, म्हणजे गप्प कनेक्शन डेटाबेस किती वेळ धरून ठेवतो ती मर्यादा. इंटरनेटवर कुठेही शोधा, हेच उत्तर. पण तो आधीच डिफॉल्ट होता, २८८०० सेकंद म्हणजे आठ तास, आणि स्क्रिप्ट आठ तास चालतच नव्हती. मग लॉगमध्ये प्रत्येक पायरीला वेळ छापायला लावली, आणि चित्र दिसायला लागलं. डेटा वाचला, नंतर पंचवीस-तीस मिनिटं नुसता हिशोब, ह्या वेळात डेटाबेसशी एक अक्षर बोलणं नाही, मग पहिला अपडेट पाठवला, आणि तिथे पंधरा मिनिटांच्या वर काहीच नाही, आणि मग एरर. दर वेळी तेवढाच वेळ.

हा आकडा उगाच आलेला नाही. लिनक्सवर चालू कनेक्शनमध्ये पाठवलेल्या पॅकेटला पोच आली नाही तर तो परत परत पाठवत राहतो, डिफॉल्ट १५ वेळा, आणि कमीत कमी हिशोब धरला तरी तो साधारण ९२४ सेकंदांवर जातो, म्हणजे पंधरा मिनिटं चोवीस सेकंद. मग तो हार मानतो. म्हणजे स्क्रिप्ट अपडेट पाठवत होती आणि पलीकडे काही पोचतच नव्हतं. दुसरी खूण डेटाबेसवर मिळाली. स्क्रिप्ट मरून गेल्यावरसुद्धा प्रोसेसलिस्टमध्ये (चालू कनेक्शनच्या यादीत) तिचं कनेक्शन "स्लीप" म्हणून निवांत दिसत होतं, शेजारचा वेळ वाढतोय. डेटाबेसला पत्ताच नाही की पलीकडचा माणूस गेलाय! टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) दोन्ही टोकांना लावला तेव्हा एका बाजूला पुन्हा पुन्हा जाणारं तेच पॅकेट, दुसऱ्या बाजूला शांतता. म्हणजे मधे कोणीतरी खातंय.

मधे होती ऑफिसची फायरवॉल. अशा प्रत्येक फायरवॉलला, नॅटला (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारं), लोड बॅलन्सरला (कनेक्शन अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) चालू कनेक्शनचा एक तक्ता ठेवायला लागतो, आणि तो भरू नये म्हणून जे कनेक्शन बराच वेळ गप्प आहे त्याची नोंद ती पुसून टाकते, बहुतेक वेळा दोन्ही टोकांना न सांगता. अॅमेझॉनच्या नॅट गेटवेला ही मर्यादा ३५० सेकंद आहे, अझ्युरच्या लोड बॅलन्सरला डिफॉल्ट ४ मिनिटं. रोजच्या रात्री हिशोब पटकन व्हायचा म्हणून मर्यादेच्या आत बसायचा, दहा दिवसांचा हिशोब बाहेर जायचा. टेस्टिंगला तर एकाच केंद्राचा डेटा होता, तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं.

कोणी म्हणेल टीसीपीत (कनेक्शनच्या मूळ नियमांत) कीपअलाइव्ह असतं की, पलीकडचा जिवंत आहे का हे विचारणारं छोटं पॅकेट. असतं. पण लिनक्सवर पहिलं कीपअलाइव्ह पॅकेट जातं ७२०० सेकंदांनी, दोन तासांनी, आणि हा आकडा थेट १९८९ च्या आरएफसी ११२२ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मधून आलाय, त्यात लिहिलंय की डिफॉल्ट दोन तासांपेक्षा कमी नको. तेव्हा ते बरोबर असेल, पण आज मधे चार ठिकाणी नॅट बसलेत, तिथे दोन तास म्हणजे फार उशीर झाला. उपाय दोन केले. कीपअलाइव्हचा वेळ दोन मिनिटांवर आणला, आणि, हा खरा उपाय, हिशोब सुरू करायच्या आधी कनेक्शन बंद करायचं आणि लिहायच्या वेळी नवीन उघडायचं. अर्धा तास कनेक्शन हातात धरून बसायची गरजच नव्हती.

उलटंही तितकंच वाईट बरं का. प्रत्येक ओळीसाठी नवीन कनेक्शन उघडणारी स्क्रिप्टसुद्धा बघितलीये. लिनक्सवर बाहेर जायला डिफॉल्ट पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या आसपास, आणि तुमच्या बाजूने बंद केलेला प्रत्येक पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यावरच्या थांब्यात, अडकून राहतो. एकाच सर्व्हरकडे लूपमध्ये भराभर उघडत-बंद करत गेलात की पोर्ट संपतात, आणि एरर येतो "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस", जो वाचून वाटतं आयपीचा काहीतरी घोळ आहे. त्यापेक्षा पूल वापरा, म्हणजे उघडलेली कनेक्शनं परत परत वापरा, किंवा पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत त्यासाठीच असलेलं सेशन वापरा. आणि रिक्वेस्ट्स वापरताय तर टाइमआउट द्याच, ती लायब्ररी स्वतःहून काहीही लावत नाही, पलीकडचा गप्प बसला तर तुमची स्क्रिप्ट सोमवारपर्यंत तशीच लटकलेली सापडेल, ना एरर ना काही. दिलेला टाइमआउट पूर्ण डाउनलोडचा नसतो हेही लक्षात असू द्या, दोन तुकड्यांमध्ये किती वेळ शांतता चालेल त्याचा असतो.

आता रीट्राय, ज्यावर माझं मत जरा कडक आहे. एरर आला की पाच वेळा परत ट्राय कर, हा सल्ला वाचायच्या कामाला ठीक आहे, लिहायच्या कामाला तो धोक्याचा आहे. रिफ्यूज्ड आला तर काम झालेलं नाही हे नक्की, कारण कनेक्शनच झालं नाही. पण लिहिताना टाइम आउट किंवा रिसेट आला तर काम झालं की नाही हे तुम्हाला माहीतच नसतं. कमिट (बदल कायम करायचा आदेश) तिकडे पोचून झालेलं असेल आणि फक्त "झालं" हे उत्तर वाटेत हरवलं असेल. दुधाच्या बिलाचं उदाहरण घ्या, रीट्रायने तीच कपात दुसऱ्यांदा टाकली तर एखाद्या बाईच्या बिलातून पशुखाद्याचे पैसे दोनदा जातील, आणि ते तिला कळेल पासबुक भरल्यावर. म्हणून आधी टेबलवर युनिक की, सभासद क्रमांक, बिलाचा कालावधी आणि कपातीचा प्रकार मिळून, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच नाही म्हणतो. आधीच्या नोंदीत रक्कम मिळवणारे अपडेट काढून टाकले, आता ठरलेली रक्कम सरळ लिहिली जाते. एका संस्थेचं बिल एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही. हे सगळं झाल्यावर मग रीट्राय, तोसुद्धा प्रत्येक वेळी दुप्पट थांबून आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळून, नाहीतर सर्व्हर उठल्या उठल्या सगळी केंद्रं एकदम त्याच्यावर तुटून पडतात आणि तो परत बसतो. प्रत्येक प्रयत्नाला लॉगमध्ये एक ओळ: वेळ, कुठल्या मशीनवरून, कुठला पत्ता आणि पोर्ट, किती सेकंदांनी पडलं, आणि सिस्टीमने दिलेला एरर जसाच्या तसा, नंबरासकट.