अकराची बॅच

पन्नाशी ओलांडली की डॉक्टर चालायला सांगतात, इथवर मला ठाऊक होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी वजनं उचलायला सांगितलं. पाळी गेल्यावर हाडं विरळ होत जातात, स्नायू घटतात, नुसत्या चालण्यावर भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन हे सांगितलं आणि रात्रीपर्यंत, व्यायाम घरी करायचा की हेल्थ क्लबात, याची ह्यांची एक्सेल शीट तयार.

मागच्या खोलीत ट्रेडमिल, एक बेंच, डंबेल्सच्या दोन-तीन जोड्या, चटई. एकदाच काय तो खर्च. समोरच्या रकान्यात क्लबची वर्षाची फी गुणिले दोघं गुणिले तीन वर्षं, शिवाय पेट्रोल. पार्किंग शोधण्यात जाणाऱ्या वेळेचेही पैसे लावले होते. सप्टेंबर 2025 मध्ये जिमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, ती दुरुस्तीही त्यांनी प्रामाणिकपणे केली. तरी घरच जिंकलं. पिवळ्या रंगात.

बेरीज-गुणाकार चोख होता. भागाकार तेवढा कुणी केला नव्हता. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांची हजेरी तपासून 2006 साली तो छापला. महिन्याला 70 डॉलरच्या वर फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी 4.3 वेळा येत होते. म्हणजे एक खेप 17 डॉलरच्या पुढे. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर ती 10 डॉलरला पडली असती. हे मी वाचून दाखवलं तर हे खूशच झाले. "बघ, मी काय म्हणतोय!"

पण घरच्या ट्रेडमिलची हजेरी कोण घेतं? तिचा भागाकार जुन्या सामानाच्या जाहिरातींत वाचायला मिळतो: 'फारसा वापर नाही, जागेअभावी देणे आहे.' इतका खरेपणा दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत सापडत नाही. आणि क्लबात न येणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तर कृतज्ञताच आहे. जानेवारीत वर्षभराचं पॅकेज घेतलेले सगळे जर एकाच संध्याकाळी सातला उगवले, तर उभं राहायलाही जागा उरायची नाही. त्यांच्या पैशांवर आमचा एसी चालतो.

घरी मी काही दिवस करून पाहिलं, आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली जी एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. घरातली बाई चटईवर आडवी झाली की ती रिकामी आहे असं घराला वाटतं. "पडलीच आहेस तर जरा कुकरकडे कान ठेव," सासूबाई. मग कुरियर. मग कचरेवाली. मग इस्त्रीवाला, त्याला कपडे मोजून हवेत. पाय वर, पाठ जमिनीला, श्वास सोडत मी आठपर्यंत आलेली असते आणि लेक दारातून विचारते, "आई, माझा चार्जर?" चार्जरचं आणि माझ्या पोटाच्या स्नायूंचं नातं काय, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याच चटईवर हे आडवे झाले की घर टीव्हीचा आवाज कमी करतं. "हळू, बाबांचा व्यायाम चाललाय." खोली तीच, पंखाही तोच. माझ्या वेळी तिला दार नसतं.

ज्यांना जमतं त्यांना घरात छान जमतं, हेही खरं. माझी जाऊ डोंबिवलीला राहते. रोज लोकलने जाऊन-येऊन वर क्लबला जा म्हणणं म्हणजे तिचा छळच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्याला यंत्रं लागत नाहीत. स्टेशनपर्यंतची भरभर चाल, ओट्याखाली ठेवलेले दोन डंबेल्स आणि टेकायला भिंत, एवढ्यावर ती भागवते. फक्त ती हे पहाटे पाचला उरकते. त्या वेळी चार्जर मागणारे झोपलेले असतात.

माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे या वादाला कुणी उभंही केलं नसतं, कारण तालीम ही घरही नव्हे आणि क्लबही नव्हे. ती गल्लीची असते. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग ही तालमींची नावं आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. आणि तालीम नुसती जोर-बैठकांपुरती थोडीच? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळं शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी भिडतात, तेव्हा पेठेतली म्हातारीही निकाल विचारते. भावांना जोर मारायला आमच्या परड्यात हवी तेवढी जागा होती, ताकदीसाठी उचलायची एक दगडी नालही पडून असायची. तिला कुणी हात लावल्याचं मी पाहिलं नाही. अंधारात उठून ते तालमीतच जायचे. एक दिवस दांडी झाली की दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारायचे, "काल कुठं गेलतास रं?" पंचवीस जणांसमोर. त्या भीतीने ताप असतानाही पोरं लंगोट कसायची. हळद, तेल, ताक घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौदाकडे मात्र आम्हा मुलींना नुसतं डोकावायलाही बंदी. आता पोरी कुस्ती खेळतात, त्यांचा मला हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही.

तर शेवटी क्लबच. तिथली गाणी कानठळ्या बसवतात, आरसे गरजेपेक्षा जास्त आहेत आणि प्रोटीनचे डबे खपवायला बघतात ते वेगळंच. वस्ताद फुकट विचारायचे तो प्रश्न इथे पर्सनल ट्रेनिंग नावाने वेगळा विकतात. मी तो घेतला नाही. तरी ट्रेनर विचारतोच. सांगलीकडचा पोरगा, लहानपणी कुस्ती केलेला. "मॅम, अजून दोन," म्हणतो आणि भान सुटलं की, "हाण अजून दोन!" तेव्हा माझे दोनाचे चार होतात.

सकाळची गर्दी ओसरल्यावर अकराला आम्हा बायकांची बॅच असते. डबे भरून झालेल्या, पोळ्या झाकून आलेल्या. त्या तासात आमच्यापैकी कुणालाच काही सापडवून द्यायचं नसतं. कुणाचा गुडघा, कुणाची थायरॉइडची गोळी, कुणाच्या सुनेचं माहेरपण, सगळं स्क्वॉटच्या तालावर. बॅचची भिशीही सुरू झाली. चिठ्ठी काढताना हजर नसलेलीचं नाव त्या महिन्यात धरायचं नाही, असा नियम एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी घातला. तेव्हापासून महिनाअखेरीला हजेरी भरगच्च.

ह्यांना मी भिशीच्या नियमाबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. ट्रेडमिलची ऑर्डर त्यांनी अजून दिलेली नाही. दोन डंबेल्स तेवढे आलेत. काल जेवताना चष्मा पुसत विचारत होते, "त्या अकराच्या बॅचला पुरुष चालतात का गं?"